हातचा एक

गावात एकंदर एक्केचाळीस गोळ्या.
दर रविवारी चर्चच्या ओट्यावर मांडून मी त्या मोजते,
अंडी मोजावीत तशा, दोन दोन करून.
शिसं कुठून आलं विचाराल तर
गाड्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या, जाळ्यांचे मणी,
आणि दवाखान्यातल्या एक्स-रे खोलीतला तो जड एप्रन.
तो कापताना प्रोकिप म्हणाला,
यानं कुणाला तरी वाचवलंच असेल आजवर.

आता नवं शिसं नाही.
चेरेमोश नदी डोंगरातून उतरताना
दगड आणते, ओंडके आणते, एकदा एक फ्रीज आणला,
शिसं आणत नाही.
म्हणून नियम: गेलेली गोळी परत आली पाहिजे.
रानडुक्कर पडलं की आधी गोळी, मग मांसाचे वाटे.
हाफियाचा धाकटा लांडग्याच्या बरगडीत बोट घालतो,
चपटी झालेली गोळी काढतो, विजारीला पुसतो
आणि माझ्या तळहातावर ठेवतो. अजून कोमट.
मी तोलते. उणी भरली तर त्याला परत पाठवते.
रडत जातो,
कुऱ्हाडीनं बीचचं खोड फोडून
राहिलेला कण घेऊन येतो.

दारूचं वेगळं. ती पिकते.
मेंढ्यांच्या गोठ्याखालची माती, आल्डरचा कोळसा.
गंधक तेवढा पलीकडून यावा लागतो,
खिंड ओलांडून, एका आंधळ्या घोड्यावर, चीजच्या बदल्यात.
ओनुफ्री ती घोटतो गावापासून लांब, एकटा.
डाव्या हाताला तीनच बोटं.
म्हणतो, यावदोखा, मेंढ्या आहेत तोवर दारू आहे.
शिशाचं तसं नाही. शिसं मुतत नाही.

एकोणीस वर्षं हिशेब जुळला.

मग त्या फेब्रुवारीत कोठारापाशी एक माणूस.
खालच्या मुलखातला. बुटांना टायरचे तळवे,
पिशवीत आमचं मक्याचं पीठ, असेल दोन मुठी.
पहाऱ्यावर स्तेफान होता. अंधार होता.
आम्ही बर्फ फोडून पुरलं त्याला.
त्रेंबिता फुंकायची की नाही यावर वाद झाला.
आपल्या मेलेल्यांसाठी फुंकतात ती.
शेवटी फुंकली, अर्धीच.

रविवारी ओट्यावर चाळीस.

सभेत सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले.
प्रोकिप म्हणाला, एप्रिलात जमीन मऊ होते.
एवढंच म्हणाला. वाईट माणूस नाही तो,
साचा त्याच्याकडे असतो,
त्याला रिकामं भोक आधी दिसतं.
हाफिया म्हणाली, डुकरातून काढतोच की.
म्हणाली, आणि डोक्यावरचा रुमाल पुन्हा बांधू लागली,
सुटलेला नसताना.

एप्रिल आला. जमीन मऊ झाली.
मी फावडं घेऊन गेले, हे कबूल करते.
मातीवर कुणीतरी रंगवलेलं अंडं ठेवलं होतं,
ईस्टरला ठेवतात तसं, आपल्या माणसासाठी.
मेणाच्या रेघा वाकड्या,
जणू हात कापत असताना ओढलेल्या.
स्तेफानला नक्षी कधीच आली नाही.

फावडं कोरडंच घरी आणलं.

वहीत लिहिलं: फेब्रुवारी, एक गोळी,
लांडग्याला चाटून नदीत गेली.
प्रोकिपनं वाचलं.
फेब्रुवारीत नदी या काठापासून त्या काठापर्यंत गोठलेली असते,
तो स्वतः तिच्यावरून घसरगाडी ओढत नेतो.
त्यानं पेन्सिल ओली केली, सही केली.

तेव्हापासून दर रविवारी चाळीस मोजते,
आणि बेरजेला शाळेत शिकवलं तसं
मनात धरते: हातचा एक.
पुढच्या कुठल्याच घरात तो मिळवत नाही.
नुसता धरून ठेवते,
ओटा पुसून होईपर्यंत,
कधी त्यानंतरही.