अर्थ लागत नाही

मायको सर्कलला दुधाचा टेम्पो शेजारी येऊन थांबला.
ड्रायव्हर वाकून म्हणाला,
"मॅडम, तुमच्या मागं काळोख आहे."
एवढंच. सिग्नल सुटला.

घरी पार्किंगच्या भिंतीला पाठ करून गाडी लावली.
भिंत जराशी गुलाबी.
ब्रेक दाबला तर तेवढंही गेलं.
दाबल्यावर वाढायचा तो उजेड
माझ्या पायाला घाबरून आत जात होता.
फ्यूज पाहिला, धड.
बल्ब कानाशी हलवला, तार शाबूत.
पाय पुढे, दिवा मागे,
मध्ये दोन सीटा आणि सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा.
एकट्या माणसानं हे तपासायचं तरी कसं?

रविवारी अंबड लिंक रोडला लहानू गांगुर्डे
टेस्ट लॅम्पची वायर दातात धरून
कमरेपर्यंत डिकीत शिरला.
"करंट येतोय ताई. भरपूर येतोय.
त्याला परत जायला वाट नाही.
अर्थ लागत नाहीये."

बावीस वर्षं मी नववीला मराठी शिकवते.
हे वाक्य किती वह्यांच्या समासात लिहिलंय,
लाल शाईनं.

"इथं काय सांडलं होतं?"
काही नाही, मी म्हणाले.
त्यानं खालचा गालिचा उचलला.
मुंग्यांची एक ओळ
सरळ एका स्क्रूपाशी जाऊन थांबलेली.
मग आठवलं. फेब्रुवारी, पिंपळगाव,
नणंदेनं कोंबलेले द्राक्षांचे चार क्रेट,
तळचा चेपलेला.
म्हटलं होतं, घरी गेल्यावर पुसू.

स्क्रू फुगलेला, हिरवट,
ओळखू येत नव्हता.
"पाण्याचा गंज परवडला," लहानू म्हणाला,
"गोडाचा आतून खातो."
मुंग्या त्यानं फुंकरीनं बाजूला केल्या.
पॉलिश पेपर, नवा स्क्रू, बोटभर ग्रीस.
साठ रुपये.

"बसा आता. दाबा."
दाबला.
"सोडा."
सोडला.
"दाबा. धरून ठेवा."

आरशात त्याचा चेहरा लालभडक झाला,
कपाळावरची ग्रीसची रेघ,
एक पडका दात,
दोन्ही हात वर करून हसणारा माणूस.
मी पाय काढलाच नाही.

"झालं ताई," तो मागून ओरडला,
"सोडा आता, बॅटरी उतरेल."