मोरीपासून एक्क्याऐंशी

पाळीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला
इस्तारी शेंडेच्या हातची आकड्यांची रांग आहे.
दोन, पाच, शून्य, सात, अठरा, पाच...
शाखा अभियंत्यानं ती पाण्याची पातळी समजून
खाली सही ठोकली, शिक्काही मारला.
शून्याला नहर कोरडा होता का, एवढंच विचारलं.
"व्हता जी," इस्तारी म्हणाला,
आणि बाहेर आल्यावरही हसला नाही.

त्याच्या हाताखाली मी तीन उन्हाळी धान काढले.
रात्रपाळी. तासातासाला दार बघायचं,
मधला वेळ आपला.
मोरीच्या लोखंडी चाकाला पाठ लावून
तो म्हणायचा, "हे शून्य. चाल आता."
ज्या आकड्याचे सारखे वाटे पडत नाहीत
तेवढी पावलं, ओळीनं, एकही आकडा न गाळता.
मागं यायला पुरत असतील तर मागं,
नसतील पुरत तर पुढं.
बाकी कायदा नाही.

असे आकडे त्याला शाळेत नव्हते कळले.
ते कळले वाटणीत:
सतरा बांध्या, तिघं भाऊ.
पाच, पाच, पाच, आणि दोन उरल्याच.
चौघं असतो तर एक उरली असती, म्हणायचा,
पाच असतो तरी दोन.
त्या दोन बांध्यांत अजून तरोटा उगवतो.

तर दोन पावलं. मग तीन. मग पाच मागं,
पाठ पुन्हा चाकाला.
"झालं काय गा?" मी विचारलं.
"हे लेकरायचं होतं," तो म्हणाला. "आता सुरू."

सात पुढं, अकराही पुढंच, तेरा मागं.
सतरा पुढं. एकोणीस मागं. तेवीस पुढं.
तिथं सव्विसावर उभा राहून
एकोणतीस मागं जाता येईनात,
म्हणून आणखी आत गेला, अंधारात, पंचावन्नावर,
जिथं नहराचं सिमेंट फुटलंय
आणि बेडकं एकदम गप्प होतात.

मग मात्र झोका लागला.
जितका लांब जाई तितका जवळ येई.
चोवीस. वीस. सोळा.
मी चाकाजवळ बसून बिडी धरली होती,
त्याच्या चपलेचा आवाज दर खेपेला
थोडा अलीकडं येऊन थांबायचा.
दहा. चार.
दोन.

हात लांबवला असता तर चाक लागलं असतं.
त्यानं लांबवला नाही.
पावलाचा हिशेब हातानं नाही करत.
वळला, एकोणऐंशी मोजत मोहापर्यंत गेला.
एक्क्याऐंशी.
तिथून ओरडला,
"त्र्याऐंशी पायजे मांगं याले! दोन कमी पडले!"
मला वाटलं रडतोय. हसत होता.
जे दोन पहिल्यांदा टाकले होते तेच दोन,
म्हणाला, आणि पुढं गेला,
एकशे चौसष्टावर, वळणापलीकडं,
बॅटरीचा ठिपकासुद्धा दिसेना.

त्या रात्री दार बघायचं राहिलं.
दयाराम कोरेटीच्या बांधीत पाणी दुप्पट गेलं,
तक्रार झाली, शेरा पडला.
तो शेरा पत्रकाच्या पुढच्या बाजूला आहे.

आता इस्तारी वडशाला लेकीकडं असतो.
माझी भाची साकोलीला कॉलेजात शिकते, तिनं मशीनवर बघितलं:
येतं म्हणे शून्य परत, पण लई लांबून.
नेहमीच येत राहील का?
ते कुणालाच सांगता येत नाही, मोठमोठ्यांनाही नाही.
ती हे सहज बोलली, कुकरची शिट्टी मोजता मोजता.

काल मोरीवर मी एकटा होतो.
एकशे चौसष्टावर जाऊन उभा राहिलो
आणि एकोणनव्वद मागं आलो.
पंचाहत्तर.
इथं तो एकदा येऊन गेलेला आहे,
पण तेव्हा पुढचा आकडा लहान होता.
आता सत्त्याण्णव, पुढं.
बॅटरीचा सेल उतरलाय,
आणि दार बघायची वेळ झाली.