भाता

चार हजार मीटरवर हवा पातळ असते,
पाणी घातलेल्या दुधासारखी:
मापाला तेवढीच, अंगी लागत नाही.
एल आल्तोत जन्मलेल्या माणसाला हे कळत नाही.
खालून आलेल्या इंजिनाला
पहिल्याच चढावर कळतं.

बेनिग्ना कल्लिसायाची पांढरी टोयोटा
अशीच दारात येऊन उभी राहिली, धापा टाकत.
"बटाट्याची सहा पोती घातली
की कुत्रीसुद्धा मला मागं टाकतात," ती म्हणाली.
एवारिस्तो मिस्त्रीनं बोनेट उघडलं, कान लावला.
"हिला रोग नाही.
ही आपल्या ओढीनं येईल तेवढीच हवा घेते.
आणि इथं ओढण्यासारखं आहे काय?"

गुरुवारच्या बाजारातून आम्ही भाता आणला.
कुठल्याशा ठोकलेल्या जर्मन गाडीचा,
वजनाला तान्ह्या कोकराएवढा.
आत दोन पिळाचे दांडे,
एकमेकांना न शिवता, एकमेकांत फिरणारे.
बेनिग्नानं आत डोकावून पाहिलं:
"माझ्या लग्नाची शेवटची चार वर्षं."

नऊ दिवस लागले.
ट्रकच्या चासीतून कापलेली पट्टी, तिच्यातून ब्रॅकेट.
पुली लेथवर दोनदा उतरवली.
थंड जातीचे प्लग, मोठे इंजेक्टर,
आणि माझ्या मनगटावर एक डाग, अजून आहे.

भात्याचं एक असतं: तो फुकट फुंकत नाही.
त्याचा पट्टा इंजिनाच्याच शाफ्टवर चढतो,
त्याची मजुरी इंजिनाच्याच कमाईतून जाते.
दम मिळवायला आधी दम खर्चायचा.
मी सोळा वर्षांचा होतो, मला हा व्यवहार
बुडीत वाटला, तसं बोललोही.
मिस्त्रीनं कोकाची पानं
या गालातून त्या गालात नेली
आणि तेरा नंबरचा पाना मागितला.

चाकांवर दारूचे चार थेंब शिंपडून
बेनिग्नानं किल्ली फिरवली.
आवाज शिट्टीचा नव्हता, रडण्याचाही नव्हता;
भाजलेल्या बोटावर कुणी
दातांतून हवा ओढावी, तसा.
सेमेंतेरिओचा चढ तिसऱ्या गियरमध्ये!
तिनं एका हातानं टोपी धरली
आणि वर पोचेपर्यंत शब्द काढला नाही.

मार्चमध्ये ती जुने टायर आणायला आरिकाला निघाली,
मला बरोबर घेऊन. देश संपला, बर्फ संपलं,
वळणागणिक हवा दाट होत गेली,
कानांत बोटं घालावीशी वाटली.
ल्युता नदीच्या खोऱ्यात इंजिन बोलू लागलं:
टिक टिक, टिक टिक,
डब्यात कुणी चणे हलवत असल्यासारखं.
मी टपरीवरून फोन लावला.
"दम धर," मिस्त्री म्हणाला. "पायाखाली नको दाबू तिला.
तिथं हवा पोटभर आहे, वर आपण कोंबतोय,
पिस्टन फोडशील. पट्टा काढ.
बायपासची झडप तारेनं उघडी बांध."

तर समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो असा:
गुडघे वाळूत, हात काळे,
मनगटात गरम रबरी पट्टा, बांगडीसारखा.
मागं टोयोटा आपल्या आपण
श्वास घेत उभी. ना शिट्टी, ना घाई.
बेनिग्ना पाण्यापर्यंत गेलीच नाही.
छातीवर तळवा ठेवून तिथंच थांबली,
तोंड थोडं उघडं.
"इतकी हवा," म्हणाली,
"आणि कुणी मोजतसुद्धा नाही."

रात्री तिला झोप आली नाही, मला फार आली.

परतीला मागं टायर अठरा.
पुत्रेच्या अलीकडं गाडी दमायला लागली
तशी मी काही बोलायच्या आत
तिनंच कडेला घेतली.
पोलेरा आवरून बोनेटवर वाकली,
तार सोडवली,
आणि न वळता हात मागं केला:
"दे तो पट्टा."