काळ्या कापडाची मापं

म्हापशाच्या बाजारात, चोरिसांच्या माळांमागे
माझं दुकान. सहा बाय आठ.
सतरा वर्षं पाद्रींचे झगे शिवतेय,
जत्रेआधी देवीचे परकर,
फेस्ताआधी शेजारणींचे फ्रॉक.
देवाच्या बाबतीत मी फक्त शिलाई घेते.

मे संपता संपता आग्नेल आला.
बावीस मीटर काळी पॉपलीन,
पाच झगे, टोपीसकट. टोपी खोल हवी.
कुठल्या इगर्जीचे, मी विचारलं.
"इगर्जीचे नाहीत, ताई. आम्ही सैतानाचे."

टेप गळ्यातच राहिली.
जुनी वही काढली: आग्नेल परेरा, वय नऊ,
मिसेत पाद्रीला मदत करणाऱ्या पोराचा पांढरा झगा,
लांबी एक्केचाळीस. खाली माझंच अक्षर:
वाढतं अंग. दुमड चार बोटं.
दोनदा सोडवून नेली होती त्याच्या आईने ती दुमड.

"घाबरू नको. सैतान म्हणून कोणी नसतोच.
ते नाव आहे, जो वाकला नाही त्याचं.
कोंबडं कापत नाही आम्ही. रक्तदान करतो.
सरकारी आवारात एका देवाला जागा दिली
तर आमच्यालाही द्या, म्हणतो. एवढंच."
एवढ्यासाठी बावीस मीटर?

त्याच्याबरोबरची ग्रेझिएला,
नखं काळी, बोटांना मेणाचा वास,
बाहीचं माप देताना कानाशी पुटपुटली:
"याला सांगू नका. माझ्यासाठी तो आहे.
रात्री नाव घेते, आणि खोलीत कोणी येऊन बसतं.
मागितलेलं देत नाही.
ऐकतं."
बाही साडेवीस, मी लिहिलं.
आतून खिसा हवा, म्हणाली, काडेपेटीपुरता.

निनाद सरदेसाई पर्वरीला जिम चालवतो.
"माझा देव मीच. माझा वाढदिवस हाच सण.
दया करायची ती लायक माणसावर."
आणि शिलाईतले दोनशे कमी करायला लावले.

मग टोपीवरून जुंपली, दुकानातच.
आग्नेल म्हणे टोपी म्हणजे नाटक.
नाटकच पाहिजे, निनाद म्हणे, मन नाटकानेच हलतं.
आणि ती: तोंड झाकल्याशिवाय
त्याच्यासमोर जाऊ कशी?
आमच्याकडे पालखीचा पहिला खांदा कुणाचा
यावर महाजन कोर्टात गेलेत, तसाच आवाज चढला.
तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं,
हा धर्म खरा असणार.

माझ्या माहेरी खाजनाच्या मानशीवर देवचार आहे.
बाबा अवसेला रोट ठेवायचे, विडी,
करवंटीत सूर.
रात्रभर काठी आपटत तो बांधावरून फिरतो,
वाट चुकलेल्याला दारापर्यंत आणून सोडतो.
चालून चालून चपला झिजतात त्याच्या,
नवा जोड द्यावा लागतो. झिजलेला
मी पाहिलाय. डावी टाच जास्त.

आणि आग्नेलच्या आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात
सैतानाला शब्द कोणता?
देवचार.
कुणीतरी, कधीतरी,
बांधावरचा राखणा उचलला
आणि नरकात नेऊन बसवला, चपलांसकट.
त्याला कुणी सांगितलं नसावं.
भरतीच्या रात्री काठी अजून ऐकू येते.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
बॉबिन संपली होती.

शनिवारी पिएदाद आली, आग्नेलची आई,
स्कर्टची चेन बदलायला.
पाचही झगे खुंटीला.
"कुणाचे गे हे?"
राशोलच्या सेमिनारीतल्या पोरांचे, मी म्हटलं.
जीभ चावली नाही, याचंच नवल वाटलं.
तिने कापड चुरगाळून पाहिलं, सोडलं.
एका टोपीत हात घातला, मनगटापर्यंत गेला.
मग वाकून खालची कड बोटांनी चाचपली,
पूर्वी चाचपायची तशी.
"दुमड ठेवलीस?"
ठेवली, म्हटलं.
चार बोटं.