एकोणतीसचा पाढा

सलमाबादच्या गल्लीत, शाजीच्या दुकानात
काचेमागे रंगांची कुळं मांडलेली:
पिवळं, निळं, पोपटी, लाल.
हरेश्वर, थांब. खोक्यावरचे आकडे मग वाचू.
आधी रंग ठरव,
कारण यंत्र एकटं येत नाही, बॅटरी घेऊन येतं,
आणि एका घरची बॅटरी
दुसऱ्या घरात पाणीसुद्धा पीत नाही.
आज ड्रिल घेशील, दिवाळीनंतर ग्राइंडर,
पुढच्या करारात करवत.
सोयरीक आहे ही. नुसता नवरदेव बघून भागत नाही,
मागे मांडवात कोण कोण उभं आहे ते बघ.

कंपनी देते ते यंत्र सगळ्यांचं,
म्हणजे कुणाचंच नाही.

अठरा व्होल्टचं घे. बारा वाईट नाही,
कपाटाच्या बिजागरीला बाराच बरं,
पण आपलं काम स्लॅबचं:
वर बघत, तोंडात सिमेंटची पूड घेत,
दिवसाला दीडशे भोकं, सळई चुकवत.
उस्मान मुकादमाला एक सळई चुकवता आली नाही.
बिट अडकलं, यंत्र फिरलं,
यंत्राबरोबर मनगट.
आता तो मुहर्रकला शाळेच्या गेटवर बसतो
आणि डाव्या हाताने चहा ओततो.
म्हणून क्लच बघ. आडवी मूठ सोबत आहे का बघ,
नाहीतर हा शाजी ती वेगळी विकतो.
(शाजी हसला. त्याला मराठी येत नाही,
पण आपलं नाव कुठल्या सुरात घेतलं ते कळतं.)

इथलं ऊन माहितीपुस्तिकेत नाही.
ती छापली तिथे बर्फ पडत असेल.
पिकअपमध्ये विसरलेली बॅटरी
चार्जरवर ठेवलीस की लाल डोळा मिचकावते:
आधी मला निवू दे.
माझ्या पहिल्या दोन अशाच मेल्या
आणि मी वर्षभर कंपनीला शिव्या घातल्या.
उन्हाळ्यात दुपारी काम बंद होतं
तेव्हा आपण कूलरच्या सावलीत पडतो ना,
तिथेच उशाशी त्यांनाही घे.

माझ्या बापाकडे सामता होता.
कमानीची दोरी ओढायची, सोडायची, ओढायची;
सागाच्या फळीत भोक पडेतो एक विडी संपायची.
दोरी तुटली तर पडवीत बसून दुसरी वळायचा.
हिच्या पोटात वळण्यासारखं काही नाही.
मी उघडली होती एकदा, फुटपाथवरची स्वस्त:
पाच जागी सेल,
पाच जागी पांढरी माती, वजन भरायला.

आणि वजन तळहातावर तोलू नकोस.
दुकानात, एसीत, सगळंच हलकं.
खरं वजन शेवटच्या तासाला कळतं.
असं कर, बॅटरी लाव, डोक्यावर धर, हात ताठ,
आणि एकोणतीसचा पाढा म्हण.

दोन बंगाली रंगारी वळले.
नळाचा वॉशर शोधणारा बहरीनी म्हातारा
चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला.
एकोणतीस एके एकोणतीस.
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.
पोरगं छताकडे बघत चढत गेलं
आणि सातावर गप्प.

हात जागचा हलला नव्हता.
पाढा अडला होता.
शाजीने कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला:
दोनशे तीन.
आणि त्याच बोटांनी पुढची किंमत:
ब्याण्णव दिनार, दोन बॅटऱ्यांसकट.
त्यातले तीस माझे.
परत दे म्हणणार नाही. दे मात्र.

बाहेर पांढरं ऊन.
ड्रिल त्याने नुसतं हातात धरलं,
बॅटऱ्या मात्र दोन्ही शर्टाच्या आत, पोटाशी.
पिकअपपर्यंत काही बोलला नाही.
मग दार ओढता ओढता, स्वतःशीच:
एकोणतीस आठे दोनशे बत्तीस.