इशारा पातळी

अर्जावर एक रकाना आहे :
मुलास मारहाण झाली आहे का? हो / नाही.
संमेदच्या आईनं ‘नाही’वर खूण केली,
पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
खरंच, त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं.
ऐकलं होतं त्यानं, एवढंच.
ऐकण्याला रकाना नाही.

आमची खोली मार्केट यार्डाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर.
खिडकी उघडली की हळद आत येते.
बाहुल्या, ठोकळे, माझं रजिस्टर,
सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी.
पहिले तीन मंगळवार तो दाराशीच होता.
आतली कडी वर, खाली, वर.
चौथ्या मंगळवारी विचारलं,
“ही बाहेरनं लागत नाही न्हवं?”
बाहेरची कडी सुतार बोलावून काढलेली,
उरलेली स्क्रूची भोकं दाखवली.
चारही भोकांत त्यानं बोट घालून बघितलं.

जिन्यात महापुराची रेघ आहे,
निळ्या ऑइलपेंटनं, तारखेसकट.
धाकटी पदू टाचा उंचावते, हात पुरत नाही.
संमेद म्हणाला, पुराचं आधी कळतं.
आयर्विन पुलाला चाळीस फूट म्हणजे इशारा,
पंचेचाळीस म्हणजे धोका.
सांगलीतलं कुठलंही पोर सांगेल हे.
मग म्हणाला, “आमच्यातपण असतंय तसं.”

गाडीचं स्टँड एका लाथेत लागलं, तर पस्तीस.
दोनदा घसरलं, तर अडतीस.
चपला आतल्या खोलीपर्यंत आल्या की चाळीस,
तेव्हा पदूला माळ्यावर चढवायचं.
आई “हळू बोला, पोरं जागी आहेत” म्हणाली
की पंचेचाळीस.
मग पदूच्या कानांवर हात ठेवून सतराचा पाढा.
तिनं ओठ बघून म्हणायचा.
सतरा सक बिदोन, इथवर जायचे.
“पुढचा येतोय मला. पण तिथवर संपायचं.”
काय संपायचं, मी विचारलं नाही.

संरक्षण अधिकारी, कोर्टाचा कागद,
माधवनगरला मावशीकडं बिऱ्हाड, नवी शाळा :
ती कामं पलीकडच्या टेबलावर.
माझं काम, “आज किती फूट?” विचारायचं,
आणि सांगेल तो आकडा लिहायचा.
“असं कुठं असतंय होय?” म्हणायचं नाही.
बत्तीस. तीस. सव्वीस.
कोर्टात वडिलांची भेट झाली त्या आठवड्यात एक्केचाळीस.
त्यांनी चॉकलेट आणलं होतं, मिठी मारून रडले.
“मला आवडतात पण पप्पा,”
हे त्यानं ठोकळ्यांकडे बघत सांगितलं.
तेही लिहिलं, त्याच शाईनं.

आज केशरी खडूवरून दोघं भांडत होती.
पदू ओरडली. माझ्यादेखत पहिल्यांदाच.
तेवढ्यात खाली कुणीतरी गाडी स्टँडवर लावली,
खाट्.
तिघांनी माना वर केल्या.
तिघांनी, म्हणजे मला धरून.
एक्कावन्नची आहे मी,
इस्लामपूरच्या त्या घरातून निघून तीस वर्षं झाली.

सगळ्यात आधी पदू खडूकडे वळली.
मग तो.
आकडा विचारायचा राहिला.

साडेपाचला जिन्यातून आवाज आला,
पायरीगणिक एकेक शब्द :
सतरा, साते, एकोणिसासे,
आणि मागून तिचा,
“सावकाश की रे, माझं चुकतंय.”