खांबाचं पोट

हरिपूरच्या रस्त्यावर, हळदीच्या जुन्या वखारीपुढे
काळ्या दगडाचे चार खांब.
महापालिकेच्या यादीत क्रमांक एकशे बारा,
शेरा : धोकादायक, मापे घेणे.
म्हणून मी आले. टेप, वही, आणि शिडी धरायला गजू.

तळाशी घेर सात फूट चार इंच.
हातभर वर दीड इंच जास्त.
गजू म्हणाला, "मॅडम, टेप ढिली पडली."
पुन्हा मोजलं. ढिली नव्हती.

मालक धनपाल मगदूम यांनी पत्र्याच्या पेटीतून
एक नकाशा काढला, घड्यांवर फाटलेला.
कोपऱ्यात सही : आन्सेल्मु तावारिश, पोर्तु.
त्यानं तिकडे एक इस्पितळ बांधलं,
धक्क्यावरचं जकातघर,
आणि नाट्यगृह, जोत्यापर्यंत.
मग फौजा आल्या, पैसे संपले,
खांब कागदावरच राहिले.
कागद पुतण्याच्या सामानातून गोव्यात उतरला,
तिथून मिठाच्या बैलांबरोबर घाट चढला.
मगदुमांच्या पणजोबांना ना ग्रीस ठाऊक, ना रोम.
दारात शोभतील, एवढंच ते म्हणाले.

पाथरवट होता सिदू. त्याची एकच गोष्ट घरात उरलीय :
नकाशा बघून तो हसला, "खांबाला पोट?"
मग दिवसभर पेठेत बसून राहिला
हमालांकडे बघत,
पोतं पाठीवर आलं की माणूस
श्वास कुठं धरतो ते.
दुसऱ्या दिवशी छिन्नी लावली.

तावारिश तोवर मरून तीस वर्षं झाली होती.
पायऱ्या, जोतं, खांब, त्रिकोणी माथा,
त्याचा जन्म सगळा वर चढण्यात गेला.
इथं वखारीमागं लोक खाली खणत होते :
पेवात हळद वर्षानुवर्षं निजायची,
किडा लागत नसे.
त्याला दाखवायला हवं होतं एखादं पेव.
आता दाखवण्याजोगं नाही, पुरानं ढासळलीत.
खांबांवर पाण्याची रेघ आहे,
गजूच्या डोक्यावर हातभर.

संध्याकाळी शेऱ्याच्या रकान्याशी अडले.
आमच्या कचेरीत फुगवटा म्हणजे भिंत पडणार,
फुगवटा म्हणजे पाडा.
लिहिलं : मधे फुगवटा दीड इंच. मुळातला.
वाचून पाहिलं. पुढं लिहिलं :
ओझ्यामुळे.
मग ते खोडलं, साहेब घाबरतील म्हणून.
गजू शिडी खांद्यावर घेत होता.
मी त्याच्या छातीकडे बघत होते.